सर्व्हरपुढचा स्विच: भारवाटप आणि फेलओव्हरची पार्श्वभूमी

एकच वेबसाइट अनेक सर्व्हरवर चालवण्याची सुरुवातीची युक्ती डीएनएसची, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेची होती. एका नावापुढे चार आयपी पत्ते नोंदवायचे आणि दर उत्तरात त्यांचा क्रम फिरवायचा. १९९५ च्या आरएफसी १७९४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) हा विषय आला आहे. वाटप बरे होई, पण सर्व्हर जिवंत आहे की बंद, हे डीएनएसला कळतच नाही. चारांतला एक पडला की साधारण पाव लोकांना साइट बंद दिसते. पत्ता यादीतून काढला तरी टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवण्याची मुदत, संपेपर्यंत तोच जुना पत्ता कॅशमधून मिळत राहतो, आणि काही रिझॉल्व्हर (लोकांच्या वतीने डीएनएसला विचारणारे सर्व्हर) टीटीएललाही जुमानत नाहीत.

म्हणून सर्व्हरपुढे वेगळे उपकरण बसू लागले: १९९६ च्या सुमारास सिस्कोचे लोकलडायरेक्टर, १९९७ मध्ये एफ५चे बिग-आयपी. बाहेर एकच व्हर्च्युअल पत्ता, म्हणजे व्हीआयपी. टीसीपी कनेक्शन सुरू करणारे पहिले पॅकेट, म्हणजे सिन, आले की सर्व्हर निवडायचा, निवड सेशन टेबलात लिहायची, आणि पुढच्या पॅकेटांत फक्त पत्ता, लागल्यास पोर्ट आणि चेकसम बदलायचे. असले ठरावीक काम हार्डवेअरकडे सोपवता येते. अल्टिऑन, फाउंड्री, अ‍ॅरोपॉइंट यांनी तेच केले आणि फक्त पत्ते आणि पोर्ट पाहणारा ‘लेयर ४ स्विच’ जन्मला. २००० साली अल्टिऑन नॉर्टेलने घेतली, अ‍ॅरोपॉइंट सिस्कोने.

लेयर ७ वर, म्हणजे विनंतीचा मजकूर वाचताना, मात्र घाम फुटतो. यूआरएल किंवा कुकी पाहून सर्व्हर निवडायचा तर क्लायंटशी हँडशेक (कनेक्शन जुळवणारी देवाणघेवाण) स्विचलाच पूर्ण करावा लागतो. मग सर्व्हरशी दुसरा हँडशेक, आणि डेटाचा क्रम राखणाऱ्या दोन्हीकडच्या सिक्वेन्स क्रमांकांतला फरक प्रत्येक पॅकेटमध्ये जुळवणे. स्पेसिफिकेशनमधला वेग कोणत्या लेयरचा, हे म्हणूनच आधी पाहावे.

आता सगळी भिस्त त्या एका स्विचवर आली. उपाय म्हणजे जोडी: एक मास्टर, आणि तो पडला की त्याची जागा घेणारा बॅकअप. यालाच फेलओव्हर म्हणतात. १९९८ च्या आरएफसी २३३८ ने त्यासाठी व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल आणला: मास्टर २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पोहोचणाऱ्या) पत्त्यावर दर सेकंदाला हजेरी देतो. प्राधान्य १०० असलेला बॅकअप सुमारे ३.६ सेकंद वाट पाहून व्हीआयपी उचलतो आणि ग्रॅच्युइटस एआरपी, म्हणजे ‘हा पत्ता आता माझ्याकडे’ अशी न विचारता केलेली घोषणा, पाठवतो. कागदावर छान. प्रत्यक्षात मधल्या स्विचवर जुना स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधली वर्तुळे रोखणारा प्रोटोकॉल) असेल तर नुकतेच जोडलेले पोर्ट ३० सेकंद अडवलेले असते. तेवढ्यात हजेरी पोहोचत नाही आणि दोघेही मास्टर होतात. मल्टिकास्ट कुठे गाळले जात असेल तरीही हेच होते. शिवाय सेशन टेबलाची प्रत बॅकअपकडे नसेल तर पत्ता हलतो, पण चालू कनेक्शन्स तुटतात.

सर्व्हरच्या तपासणीतही असाच घोळ. पिंगला उत्तर देणारा सर्व्हर वेब सेवा देतोच असे नाही. दर ५ सेकंदांनी तपासणी आणि सलग तीन अपयशांची अट ठेवली तर सर्व्हर बाद व्हायला सुमारे १५ सेकंद लागतात. वेळ कमी केली तर निरोगी सर्व्हरही आत-बाहेर करू लागतात. तपासणीचे पान डेटाबेसला विचारत असेल तर डेटाबेस अडखळताच सगळे सर्व्हर एकदम बाद होतात. ही चूक फार सर्रास दिसते.

दरम्यान अशा उपकरणांची मक्तेदारी सुटत गेली. १९९८ मध्ये लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर, २००१ मध्ये एचएप्रॉक्सी आला. सर्व्हरने उत्तर थेट क्लायंटला पाठवण्याची पद्धतही रुळली. तिच्यात व्हीआयपी प्रत्येक सर्व्हरच्या लूपबॅकवर (आतल्या आभासी इंटरफेसवर) असतो. ‘हा पत्ता कोणाकडे?’ या एआरपी विचारणेवर सर्व्हरला गप्प बसवलेले नसेल तर सगळी रहदारी भलत्याच एका सर्व्हरवर जाते.

पुढची उडी म्हणजे जोडीच सोडून देणे. गूगलचे मॅग्लेव्ह २००८ पासून चालू आहे, त्याचा शोधनिबंध २०१६ चा. फेसबुकचे कॅट्रान २०१८ मध्ये खुले झाले. राउटर ईसीएमपीने (सारख्या खर्चाच्या अनेक वाटा वापरण्याच्या पद्धतीने) रहदारी अनेक साध्या यंत्रांवर वाटतो आणि प्रत्येक यंत्र हॅशवरून, म्हणजे कनेक्शनच्या पत्ते-पोर्टांपासून काढलेल्या आकड्यावरून, तोच सर्व्हर काढते. साध्या भागाकाराच्या हॅशमध्ये १० चे ९ सर्व्हर झाले की ९० टक्के कनेक्शन्सची जागा बदलते, म्हणून इथे बहुतेक जागा तशाच ठेवणारे कन्सिस्टंट हॅशिंग लागते. तरीही सर्व्हरांची यादी बदलली की थोडी कनेक्शन्स हलतातच. त्यामुळे मॅग्लेव्हनेही प्रत्येक यंत्रात कनेक्शन टेबल ठेवलेच आहे.