ऊस तोडणी कार्यक्रम

साखर कारखान्याकडे नोंदलेल्या उसापैकी कोणाचा ऊस केव्हा तोडायचा, याचा गाळप हंगामापूर्वी ठरवलेला क्रम. महाराष्ट्रातील सहकारी आणि खाजगी असे दोन्ही प्रकारचे कारखाने तो आखतात. तोडलेला ऊस साठवून ठेवता येत नाही. त्यातली साखर घटू लागते, वजनही उतरते, म्हणून तो शक्यतो चोवीस तासांत गाळावा लागतो. गव्हाणीला, म्हणजे कारखान्यात ऊस टाकतात त्या जागी, ऊस कमी पडला तर ‘नो केन’ (ऊस नाही) म्हणून गाळप थांबते, जास्त आला तर गाड्या अड्ड्यात वाळत उभ्या राहतात. रोजची तोड आणि गाळप क्षमता यांचा मेळ घालणे हे या कार्यक्रमाचे मुख्य काम.

त्याचा पाया म्हणजे ऊस नोंद. लागण झाली की शेतकी विभागाचा माणूस, म्हणजे गावाकडचा चिटबॉय, जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख लिहून घेतो. जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीची ‘सुरू’ आणि खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) असे गट पडतात. जातही पाहावी लागते: को-सी 671 लवकर पक्व होते, को 86032 उशिरा. हंगामाच्या तोंडावर रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने ब्रिक्स, म्हणजे रसातल्या विरघळलेल्या घटकांचे (मुख्यतः साखरेचे) प्रमाण, तपासून क्रम पक्का होतो. मग कारखान्याच्या त्या भागातल्या गट ऑफिसातून तोडचिठ्ठी, म्हणजे ऊस तोडण्याची परवानगी, निघते.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात तिघांची गणिते वेगळी असतात. कारखान्याला उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी, हवा असतो. शेतकऱ्याला रान लवकर मोकळे करून गहू-हरभरा साधायचा असतो. तोडणी टोळीला दाट, न पडलेला आणि रस्त्याकडेचा फड (तोडणीचा ऊस उभा असलेले रान) हवा असतो. त्यातच उसाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर, कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते, शेतकऱ्याच्या स्वतःच्या उसाच्या उताऱ्यावर नाही. त्यामुळे तोडणीची पाळी लांबली, उसाला तुरा (फुलोरा) आला आणि वजन घटले, की तोटा त्या एकट्याच्या पदरात पडतो. पाळीवरून होणाऱ्या भांडणांचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. तोडणी-वाहतुकीचा खर्चही सहसा सरासरीनेच कापला जातो, म्हणून गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस, लांबून आणला की कारखान्याजवळचे शेतकरी कुरकुरतात.

टोळ्या प्रामुख्याने बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून येतात. टोळीचा मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतो आणि कोयते गोळा करतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कार्यक्रम ठरवताना या मजुरांना कोणी विचारत नाही, पण तो पाळला जाईल की नाही हे बरेचसे त्यांच्या हातात असते. पाळी आली तरी ‘खुशाली’ किंवा ‘एंट्री’ या नावाने वरचे पैसे दिल्याशिवाय फडाला कोयता लागत नाही, ही तक्रार जुनीच आहे.

नियोजनाची मोठी कसोटी 2021-22 च्या हंगामात लागली. राज्यात सुमारे 1,320 लाख टन ऊस गाळला गेला आणि काही कारखाने जूनपर्यंत चालले. मराठवाड्यात चांगल्या पावसामुळे उसाचे क्षेत्र वाढले होते, टोळ्या मात्र तेवढ्या वाढल्या नव्हत्या. शिल्लक ऊस दूरच्या कारखान्यांकडे जावा म्हणून सरकारला वाहतूक अनुदान द्यावे लागले. त्यानंतर साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे ॲप आणले, म्हणजे नोंद शेतकऱ्यालाच मोबाइलवर करता यावी. मात्र नोंद झाली म्हणजे पाळी मिळाली असे होत नाही.

मजुरांची टंचाई वाढल्याने अलीकडे तोडणी यंत्रे वापरात येत आहेत. यंत्र फिरण्यासाठी दोन सऱ्यांत साधारण साडेचार-पाच फूट अंतर लागते आणि रान सलग लागते. ज्या कारखान्यांना यंत्रावर भिस्त ठेवायची आहे, त्यांना तोडीची बोलणी आता शेतकऱ्याने लागणीसाठी सरी सोडण्याआधीच करावी लागतात.