मोंतेपुल्चानो: एका बाटलीवर गाव, दुसरीवर द्राक्ष

शनिवार-रविवार जोडून इटलीत खाण्यापिण्यासाठी भटकंती आखणाऱ्याला वाइनच्या दुकानात दोन बाटल्या अनेकदा शेजारीशेजारी दिसतात. एकीवर ‘विनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’ असे लिहिलेले असते, तर दुसरीवर ‘मोंतेपुल्चानो द’अब्रुत्सो’. दोन्ही वाइन लाल आणि दोन्हींवर एकच नाव, त्यामुळे त्या एकाच गावच्या असाव्यात असे वाटते आणि त्या समजापोटी प्रवासाची दिशाच चुकू शकते. येथे मराठीची षष्ठी विभक्ती उपयोगी पडते. पहिले नाव म्हणजे ‘मोंतेपुल्चानोची उमदी वाइन’. यात मोंतेपुल्चानो हे गाव आहे. दुसरे नाव म्हणजे ‘अब्रुत्सोचे मोंतेपुल्चानो’; यात मोंतेपुल्चानो हा द्राक्षाचा वाण आहे आणि त्या बाटलीचा गावाशी काही संबंध नाही. सांगलीच्या बाजारपेठेत राजापुरी हळद विकली जाते आणि राजापूर मात्र कोकणात आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

मोंतेपुल्चानो गाव टस्कनीच्या दक्षिण भागात, सिएना प्रांतात, सुमारे 600 मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर वसलेले आहे. तेथील विनो नोबिले ही वाइन किमान 70 टक्के सांजोवेझे द्राक्षाची असते, आणि या द्राक्षाला गावकरी ‘प्रुन्योलो जेंतीले’ म्हणतात. विक्रीआधी ती किमान दोन वर्षे मुरवावी लागते, ‘रिझेर्वा’ असेल तर तीन वर्षे. इटालियन वाइनचा सर्वोच्च दर्जा मानला जाणारा डीओसीजी तिला 1980 साली मिळाला. तिचा रंग फार गडद नसतो, पण आंबटपणा स्पष्ट लागतो आणि तुरटपणा जिभेवर रेंगाळतो. हे गुण गावातल्या जेवणाशी नेमके जुळतात. हाताने वळलेल्या जाड शेवयांसारखी ‘पीची’ आणि तिच्यावरचा टोमॅटो व ‘आल्योने’ या थोराड लसणाचा रस्सा यांच्याबरोबर आंबटपणा हवाच असतो, तर किआनिना जातीच्या गुरांच्या भाजलेल्या मांसाची चरबी तुरटपणामुळे जड वाटत नाही.

खालच्या वेशीतून मुख्य रस्त्याने पियाझ्झा ग्रांदे या चौकापर्यंत चढत जावे, वाटेत जुन्या वाड्यांच्या पोटातील तळघरांत ओकची प्रचंड पिंपे पाहावीत, आणि उतरताना तटाबाहेरचे सान ब्याजो हे चर्च पाहावे, असा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो. थोरल्या आंतोनियो दा सांगाल्लोच्या आराखड्यानुसार 1518 साली बांधायला घेतलेले हे चर्च कलत्या उन्हात मधासारखे उजळते, आणि एवढ्या एका दृश्यासाठीही गावात मुक्काम करावा. दुसरा दिवस पेकोरिनो चीजसाठी प्रसिद्ध असलेल्या जवळच्या पिएंत्साला द्यावा.

अब्रुत्सो हा प्रदेश मात्र अपेनाइन पर्वतरांगेपलीकडे, एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला आहे. तेथील मोंतेपुल्चानो द्राक्ष उशिरा पिकते, त्याची साल जाड असते आणि त्याची वाइन दाट जांभळट रंगाची, आंबटपणाने सौम्य आणि पिकल्या फळाच्या चवीची होते. 1968 पासून डीओसी (डीओसीजीच्या खालचा) दर्जा असलेल्या या वाइनमध्ये या वाणाचे प्रमाण किमान 85 टक्के असावे लागते. याच द्राक्षाचा रस सालींबरोबर थोडाच वेळ ठेवून चेरीच्या रंगाची ‘चेरास्वोलो’ करतात. ती थंड करून समुद्रकाठच्या मासळीबरोबर घ्यावी. लाल वाइनची खरी सोबत ‘आर्रोस्तिचीनी’ची. हा मेंढपाळांचा पदार्थ आहे: मेंढीच्या मांसाचे लहान तुकडे काड्यांना ओवून अरुंद, लांबट शेगडीवर निखाऱ्यांवर भाजतात आणि काडी हातात धरूनच खातात. पाहण्यासारखे म्हणावे तर एका बाजूला 2,912 मीटर उंचीचे ग्रान सास्सोचे शिखर आणि दुसऱ्या बाजूला समुद्रात लाकडी खांबांवर उभे असलेले मासेमारीचे जुने मचाण, ज्यांना ‘त्राबोक्को’ म्हणतात.

अब्रुत्सोची बाटली सहसा स्वस्त मिळते, म्हणून तिला दुय्यम समजणे अन्यायाचे आहे. तेरामो परिसरातील टेकड्यांवरच्या याच वाणाच्या वाइनला 2003 साली डीओसीजी दर्जा मिळालेला आहे. मात्र दोन्ही प्रदेश एकाच शनिवार-रविवारी उरकण्याचा विचार करू नये. टस्कनीतल्या गावासाठी फ्लोरेन्स-रोम लोहमार्गावरील किउझी स्थानकावर उतरून बसने वर जाता येते. अब्रुत्सोसाठी रोमहून पूर्वेला पेस्काराच्या दिशेने जावे लागते आणि डोंगरातली गावे पाहायची असतील तर स्वतःची गाडी हवीच.

दुकानात कधी ‘रोस्सो दी मोंतेपुल्चानो’ अशी तिसरी बाटलीही दिसते. ‘दी’नंतर मोंतेपुल्चानो आले, म्हणजे ती गावचीच: त्याच सांजोवेझेची, पण कमी मुरवलेली, हलकी आणि दुपारच्या साध्या जेवणाला पुरेशी.