सीडॉ करार

सीडॉ म्हणजे बायकांविरुद्धचा सगळ्या प्रकारचा भेदभाव संपवण्यासाठी देशांनी मिळून केलेला आंतरराष्ट्रीय करार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १८ डिसेंबर १९७९ ला मंजूर केला, ३ सप्टेंबर १९८१ पासून लागू झाला. आज १८९ देश त्यात आहेत, अमेरिकेने मात्र १९८० मध्ये सही करूनही अजून मान्यता दिलेली नाही. एकूण ३० कलमं आहेत, शिक्षण, नोकरी, आरोग्य, लग्न सगळं येतं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कलम ५, कारण 'हे बाईचं काम, ते पुरुषाचं' असल्या समजुती बदलायची जबाबदारीसुद्धा ते सरकारवर टाकतं. कलम १४ खास खेड्यातल्या बायकांसाठी आहे.

करार मोडला तर दंड नाही की शिक्षा नाही. २३ तज्ज्ञांची एक समिती आहे, दर चार वर्षांनी प्रत्येक सरकारने तिला रिपोर्ट द्यायचा आणि जिनिव्हात जाऊन तिच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. सरकारी रिपोर्टमध्ये योजनांची नावं भरपूर असतात, म्हणून महिला संघटना स्वतःचा वेगळा रिपोर्ट पाठवतात, त्याला शॅडो रिपोर्ट म्हणतात, आणि योजना कागदावर आहे की गावात पोचलीय हे समितीला बऱ्याचदा त्यातूनच कळतं.

भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली आणि त्याचा खरा उपयोग चारच वर्षांत झाला. राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवी सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या, बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळावर तेव्हा देशात कायदाच नव्हता, मग कोर्टाने सीडॉचा आधार घेतला आणि १३ ऑगस्ट १९९७ ला असा छळ रोखण्यासाठीचे नियम, म्हणजे विशाखा गाइडलाइन्स दिल्या. पुढे २०१३ चा कायदा आला. आज दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात तक्रार समिती लागते, त्याचं मूळ हे आहे, आणि ते प्रत्येक नोकरदार बाईला माहीत असायलाच हवं.

मान्यता देताना भारताने काही गोष्टी बाजूला ठेवल्या. कुठल्याही समाजाच्या खासगी बाबतीत त्यांच्या पुढाकाराशिवाय हात घालणार नाही असं सांगितलं, आणि एवढ्या मोठ्या देशात लग्नाची सक्तीची नोंदणी व्यवहार्य नाही असंही. पण महाराष्ट्राने १९९८ मध्येच नोंदणीचा कायदा केला होता आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्याच राज्यांना तसं करायला सांगितलं, म्हणजे जमत नाही हे कारण टिकलं नाही. नवऱ्याने केलेला बलात्कार गुन्हा ठरवा असं समितीने २०१४ मध्ये सांगितलं, पण २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्याला मिळणारी सूट कायम ठेवली, हे मला अजिबात पटत नाही.

१९९९ मध्ये कराराला एक जोड प्रोटोकॉल आला, देशातल्या कोर्टांचे सगळे मार्ग संपल्यावर बाईला थेट समितीकडे तक्रार करता येते. भारत त्यात नाही, त्यामुळे इथल्या बायकांना तो रस्ता अजून बंद आहे.