वजन कमी करायचंय, मग कार्डिओ करू की वेट्स?

आमच्या जिममध्ये जॉईन व्हायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, आणि बरेचजण उत्तर आधीच ठरवून आलेले असतात की आधी ट्रेडमिलवर वजन उतरवतो आणि मग वेट्स सुरू करतो. आमचं मत याच्या उलट आहे, वेट्स पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करा.

आता कॅलरीचा हिशोब बघितला तर कार्डिओच (म्हणजे चालणं, पळणं असा दम लावणारा व्यायाम) पुढे दिसतो हे खरंय. 70 किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चाललं तर साधारण 150 कॅलरी जातात, ताशी 8 किमीच्या स्पीडने पळलं तर 290 च्या आसपास, आणि वेट्समध्ये मधे मधे रेस्ट असल्यामुळे त्याच अर्ध्या तासात पळण्यापेक्षा बऱ्याच कमी. पण एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, त्यामुळे नुसतं घाम गाळून वजन उतरवायचं म्हटलं तर फार वेळ लागतो, आणि दमून घरी गेल्यावर दोन घास जास्त गेले की तो अर्धा तास तिथेच भरून निघतो. वजन मुख्यतः खाण्यावरच उतरतं, हे आम्ही व्यायाम शिकवणारे असूनही स्पष्ट सांगतो.

मग वेट्स कशाला? तर खाणं कमी केलं की शरीर नुसती चरबी जाळत नाही, सोबत मसलही कमी होतं, आणि वजनकाट्याला या दोन्हीतला फरक कळत नाही. मसलवर नियमित लोड पडत असेल आणि प्रोटीन पुरेसं असेल (वजन कमी करताना रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम ठीक, फक्त किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून) तर मसल बऱ्यापैकी टिकतं आणि जाते ती जास्त करून चरबी. मसल वाढलं की झोपेतही ढीगभर कॅलरी जळतात असं ऐकलं असेल तर ते फुगवून सांगितलेलं आहे, एक किलो मसल आरामात असताना दिवसाला 13 च्या आसपास कॅलरी घेतं, एवढंच. खरा फायदा ताकदीचा आहे, जिने चढणं, ओझं उचलणं, खाली बसून उठणं सोपं होतं आणि वय वाढेल तसं हेच कामाला येतं.

बायकांना भीती असते की वेट्सने बॉडी पुरुषांसारखी होईल. नाही होत हो. मसल वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हार्मोन बायकांमध्ये पुरुषांच्या मानाने खूपच कमी असतं, आणि तसं मसल कमवायला पुरुषांनाही वर्षं घालवावी लागतात. आणि क्रंचेस मारून फक्त पोट कमी होत नाही, चरबी कुठून आधी जायची हे आपल्या हातात नसतं.

म्हणजे कार्डिओ सोडायचा का तर अजिबात नाही, हार्टसाठी आणि दम टिकण्यासाठी तो लागतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या गाइडलाइनमध्येही दोन्ही आहे, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम कार्डिओ आणि किमान 2 दिवस ताकदीचा व्यायाम. आम्ही नवीन माणसाला 2-3 दिवस वेट्स देतो, सगळ्या मोठ्या मसल्सचे, स्क्वॉट (उठाबशा), पुश (ढकलणं), पुल (ओढणं) वगैरे, आणि बाकीच्या दिवशी चालणं, इतक्या स्पीडने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. दोन्ही एकाच दिवशी असेल तर वॉर्मअप करून वेट्स आधी, कारण पळून दमलेल्या पायांनी स्क्वॉट केला की फॉर्म (करायची पद्धत) बिघडतो आणि गुडघा, कंबर दुखावू शकते.

सुरुवातीला अंग दुखेल, दुसऱ्या दिवशी जास्तच, 2-3 दिवसांत ते बहुतेक उतरतं. याच काळात काटा थोडा वर गेलेला दिसला तर घाबरून बंद करू नका प्लीज, नवीन व्यायामाने मसलमध्ये पाणी धरलं जातं, ती चरबी नाही. रोज काट्यावर उभं राहण्यापेक्षा दर दोन आठवड्यांनी टेपने कंबर मोजा आणि मागच्या वेळेपेक्षा किती वजन उचललं ते वहीत लिहा.

बीपी, हार्ट, डायबेटीसची औषधं किंवा सांध्यांचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या आणि पहिल्याच दिवशी ट्रेनरला सांगा, लपवू नका. जोर लावताना श्वास रोखून धरला की बीपी एकदम वाढतं, म्हणून उचलताना श्वास सोडायचा आणि खाली आणताना घ्यायचा, हे आम्ही सगळ्यांकडूनच आधी हलक्या वजनावर पक्कं करून घेतो.