टोरबे ते लिस्बन: निरोपासाठी ठरलेली शर्यत

2006 च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टोरबे उपसागरातून शिडाच्या जहाजांचा ताफा लिस्बनकडे निघाला. पन्नास वर्षांपूर्वी, 7 जुलै 1956 रोजी, याच वाटेने वीस जहाजे निघाली होती. ‘टॉल शिप्स रेसेस’चा सुवर्णमहोत्सव म्हणून आयोजकांनी मुद्दाम तोच मार्ग घेतला आणि त्याला आणखी बंदरे जोडली. फ्रान्समधले सँ मालो, मग टोरबे, लिस्बन, स्पेनमधली कादिझ आणि ला कोरुन्या, आणि शेवटी बेल्जियममधले अँटवर्प. बंदराबंदरात गर्दी, खलाशांच्या मिरवणुका, आतषबाजी असा थाट होता. 1956 मध्ये ज्यांनी ही शर्यत ठरवली त्यांना मात्र यातले काहीच अपेक्षित नव्हते. शिडाच्या मोठ्या जहाजांना एकदाच, शेवटचे एकत्र आणावे आणि निरोप द्यावा, एवढाच त्यांचा बेत होता.

निरोपाची भाषा तेव्हा कोणाला अतिशयोक्त वाटली नसती. मालवाहतुकीतून शीड जवळजवळ हद्दपार झाले होते. फिनलंडच्या आलांड बेटांवरच्या मारीहामन गावातला जहाजमालक गुस्ताव एरिकसन याने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मोडीत निघालेली मोठी शिडाची जहाजे स्वस्तात घेऊन ऑस्ट्रेलियातून युरोपात गहू आणण्याचा धंदा चालू ठेवला होता. तो 1947 मध्ये वारला. 1949 मध्ये त्याच्या ताफ्यातली ‘पामिर’ आणि ‘पासाट’ ही चार डोलकाठ्यांची जहाजे धान्य घेऊन दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून आली आणि तो व्यापार संपला. उरली ती नौदलांची आणि नौकानयन शाळांची प्रशिक्षण जहाजे. तीही किती दिवस टिकतील, याबद्दल शंका होतीच. रडारच्या जमान्यात पोरांना डोलकाठीवर चढवून काय शिकवायचे, असे विचारणारे अधिकारी सगळ्याच देशांत होते.

एकत्र आणण्याची कल्पना लंडनचे निवृत्त सॉलिसिटर बर्नार्ड मॉर्गन यांची. वेगवेगळ्या देशांतली शिकाऊ मुले समुद्रावर एकमेकांशी स्पर्धा करतील आणि त्यातून ओळखी होतील, असे त्यांच्या मनात होते. दुसऱ्या महायुद्धाला जेमतेम दहा वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले की या साध्या विचाराचे वजन कळते. त्यांना खरा आधार मिळाला तो पोर्तुगालचे लंडनमधले राजदूत पेद्रो तेओतोनियो परेरा यांचा. शेवटची रेषा लिस्बनला का ठरली, याचे मुख्य उत्तर तेच. ब्रिटिश बाजूने तेव्हाचे नौदलप्रमुख लॉर्ड माउंटबॅटन यांनी पाठबळ दिले.

हे परेरा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतले वजनदार गृहस्थ, मंत्रिपद भूषवलेले. शर्यतीच्या आदल्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1955 ला, गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारे सरकारही सालाझारचेच. युरोपातल्या लेखांमध्ये लिस्बनचे स्वागत आणि तेजो नदीतली रोषणाई येते. ही दुसरी बाजू कधी दिसत नाही. दिसावी अशी अपेक्षाही नाही, पण मराठी वाचकाने ती जोडून वाचायला हरकत नसावी. आंतरराष्ट्रीय मैत्रीच्या सोहळ्याची सालाझारच्या पोर्तुगालला त्या वर्षी गरज होतीच.

लिस्बन निवडण्याला वाऱ्याचीही साथ होती. डोलकाठीला आडव्या बांधलेल्या वाशांवर, म्हणजे परबाणांवर, चौकोनी शिडे लावलेले जहाज वाऱ्याच्या तोंडावर फार जवळून जाऊ शकत नाही. वारा मागून किंवा बाजूने असेल तरच त्याची ताकद दिसते. उन्हाळ्यात पोर्तुगालच्या किनाऱ्यावर बहुधा उत्तरेकडचे वारे असतात. म्हणजे बिस्केचा उपसागर पार करून एकदा स्पेनचे वायव्य टोक ओलांडले की लिस्बनपर्यंत वारा पाठीशी. उलट दिशेने शर्यत ठरवली असती तर मोठी जहाजे निम्मा वेळ नागमोडी फेऱ्या मारत बसली असती. आजही मार्ग आखणाऱ्यांना हाच हिशेब करावा लागतो. तरीही वारा पडतोच. अशा वेळी समिती शर्यत मध्येच थांबवते, त्या क्षणी कोण कुठे होते यावरून निकाल लावते, आणि सगळी जहाजे इंजिने चालू करून बंदराकडे निघतात, कारण तिथे स्वागताची तारीख ठरलेली असते.

1956 च्या ताफ्यात नॉर्वेचे ‘ख्रिश्चन राडिश’, डेन्मार्कचे ‘गेओर्ग स्टागे’, बेल्जियमचे ‘मर्काटोर’, पोर्तुगालचे ‘साग्रेस’ अशी नावाजलेली जहाजे होती. यजमान ब्रिटनकडे मात्र चौकोनी शिडांचे एकही प्रशिक्षण जहाज नव्हते. ज्या देशाने समुद्रावर राज्य केल्याचा डंका पिटला त्याला लहान नौकांवर भागवावे लागले, ही नामुष्की तिथल्या लोकांना चांगलीच झोंबली. आणि पहिली आली ती नेमकी अशीच एक लहान ब्रिटिश नौका: साउदॅम्पटनच्या नौकानयन विद्यालयाची ‘मोयाना’. जहाजाची लांबी आणि शिडे पाहून प्रत्येकाच्या वेळेला एक गुणक लावतात, त्या सुधारित वेळेत तिने मोठ्यांना मागे टाकले. घरी परतताना ती वादळात सापडून बुडाली. ‘क्लॅन मॅक्लीन’ या मालवाहू जहाजाने तिच्यावरच्या सगळ्यांना वाचवले.

विजेती बुडाली तरी शर्यत बुडाली नाही. लोकांचा उत्साह बघून ब्रिटनमध्ये सेल ट्रेनिंग असोसिएशन उभी राहिली आणि दर दोन वर्षांनी शर्यत भरवायचे ठरले. 1958 ची ब्रेस्टहून लास पाल्मासला गेली. मधल्या काळात, 21 सप्टेंबर 1957 ला, आता जर्मन प्रशिक्षण जहाज झालेले ‘पामिर’ अझोर्स बेटांजवळ चक्रीवादळात बुडाले होते. 86 जणांपैकी सहाच वाचले, आणि मृतांमध्ये शिकाऊ कॅडेट पुष्कळ होते. शिडावरचे प्रशिक्षण बंद करा म्हणणाऱ्यांना याहून मोठा दाखला कुठला मिळणार? तरीही पश्चिम जर्मनीच्या नौदलाने पुढच्याच वर्षी, स्थिरतेचे हिशेब पुन्हा तपासून, ‘गोर्च फोक’ हे नवे शिडाचे जहाज समुद्रात उतरवले. शिडाची जहाजे टिकली ती जुन्याच्या हळहळीमुळे, असे सरसकट म्हटले जाते. मला ते पटत नाही. हळहळीवर कोणतेही नौदल एवढा खर्च करत नाही. डोलकाठीवर, अंधारात, दहा जणांनी एका वेळी एकच काम करायचे असते, आणि नव्या माणसाची पारख तिथे लवकर होते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

या ताफ्यातल्या कित्येक जहाजांचे पूर्वायुष्य लपवण्यासारखे आहे. 1956 चे ‘साग्रेस’ म्हणजे मूळचे जर्मन ‘रिकमर रिकमर्स’, पहिल्या महायुद्धात पोर्तुगालने जप्त केलेले. त्याच्या जागी 1962 पासून आलेले आजचे ‘साग्रेस’ हेही जर्मनच. नाझी काळात बांधलेले ‘आल्बर्ट लिओ श्लागेटर’ युद्धानंतर अमेरिकेकडे, तिथून ब्राझीलकडे आणि मग पोर्तुगालकडे गेले. त्याची बहीण, म्हणजे त्याच आराखड्याचे जहाज, ‘होर्स्ट वेसेल’ अमेरिकन तटरक्षक दलाची ‘ईगल’ झाली, तर पहिले ‘गोर्च फोक’ सोव्हिएत ‘तोवारिश्च’ झाले. रशियाची ‘क्रुझेनश्टेर्न’ आणि ‘सेडोव’ हीदेखील जर्मनीत बांधलेली मालवाहू जहाजे. या बहिणी पुढे मैत्रीच्या शर्यतीत निरनिराळ्या झेंड्यांखाली शेजारी उभ्या राहिल्या.

त्या उभ्या राहायला शीतयुद्धामुळे वेळ लागला. पोलंडचे ‘दार पोमोर्झा’ 1972 मध्ये आले आणि जिंकूनही गेले. 1974 ची कोपनहेगन ते ग्डिनिया शर्यत पूर्वेच्या गोटातल्या बंदरात संपली आणि सोव्हिएत जहाजे तिच्यात प्रथमच उतरली. याच सुमारास एका स्कॉच व्हिस्कीच्या कंपनीने प्रायोजकत्व घेतले. ‘कटी सार्क’ हे तिच्या व्हिस्कीचे नाव शर्यतीला 2003 पर्यंत चिकटून राहिले. ग्डिनियाच्या धक्क्यावर कम्युनिस्ट अधिकाऱ्यांनी व्हिस्कीच्या फलकांखाली भाषणे केली असतील, तर तो देखावा पाहण्यासारखाच. व्हिस्कीच्या नावाने सुरू झालेला चषक सर्वांत वेगवान जहाजाला मिळत नसे. ज्याने देशादेशांत सलोखा वाढवला, असे इतर कप्तानांना वाटे, त्याला मतदानाने तो दिला जाई. आज त्याला मैत्रीचा चषक म्हणतात. प्रत्येक जहाजावर निम्मे खलाशी 15 ते 25 वयोगटातले असावेत, हा नियमही कायम आहे. दोन टप्प्यांच्या मध्ये ‘क्रूझ इन कंपनी’ असते. तेव्हा शर्यत नसते आणि शिकाऊ मुले एकमेकांच्या जहाजांवर राहायला जातात.

सगळे असे गोड नव्हते. 3 जून 1984 ला बर्म्युडा ते हॅलिफॅक्स या टप्प्यात ‘मार्केस’ हे जहाज अचानक आलेल्या वादळी झोतात क्षणार्धात पाण्याखाली गेले. 28 पैकी 19 जण दगावले. त्यानंतर प्रशिक्षण जहाजांच्या स्थिरतेचे नियम बरेच कडक झाले.

यजमान शहरांचे गणित वेगळे. चार दिवसांत लाखो माणसे बंदरावर येतात म्हणून काही वर्षे आधीपासून शहरे यजमानपदासाठी चढाओढ करतात. साठाव्या वर्षी, 2016 मध्ये, अँटवर्प, लिस्बन, कादिझ आणि ला कोरुन्या हीच बंदरे पुन्हा आली. फक्त या वेळी सुरुवात अँटवर्पहून झाली.

भारताचा या शर्यतींशी संबंध आला तो गोव्यामार्गे. वास्कोच्या गोवा शिपयार्डने बांधलेले तीन डोलकाठ्यांचे ‘आयएनएस तरंगिणी’ 1997 मध्ये नौदलात दाखल झाले. आराखडा ब्रिटिश नौकारचनाकार कॉलिन मूडी यांचा होता. 2018 मध्ये ते कोचीहून निघून संडरलंड, एस्बियर्ग, स्टावांगर, हारलिंगन या मार्गावरच्या शर्यतीत उतरले. पोर्तुगीजांनी सोडलेल्या बंदरात बांधलेले जहाज पोर्तुगीज राजदूताच्या मदतीने सुरू झालेल्या शर्यतीत उतरले, हे परेरांना कसे वाटले असते कोण जाणे. 2010 मध्ये जगप्रदक्षिणेवरचे ‘साग्रेस’ गोव्यात आले, तेव्हा तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांनी विरोध केला होता. ख्रिस्ताचा लाल क्रूस रंगवलेली त्याची शिडे लिस्बनला अभिमानाची वाटतात. मांडवीच्या काठी त्यांचा अर्थ वेगळा होतो.

राजकारण नव्या रूपात परत आले ते 2022 मध्ये. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर युरोपीय संघाने एप्रिलमध्ये रशियन नोंदणीच्या जहाजांना आपली बंदरे बंद केली. त्यामुळे 117 मीटर लांबीचे ‘सेडोव’ आणि 114 मीटरचे ‘क्रुझेनश्टेर्न’, म्हणजे ताफ्यातली सर्वांत लांब जहाजे, तेव्हापासून युरोपीय संघातल्या यजमान बंदरांत येऊ शकत नाहीत.