फिरता स्पार्ज आर्म

फिरता स्पार्ज आर्म म्हणजे घरी बिअर बनवणाऱ्यांकडचं एक साधंच पण भलतं नखरेल यंत्र. मधे एक बुश, म्हणजे उभ्या दांड्याभोवती फिरणारं नळकांडं, त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या, पितळेच्या नाहीतर स्टीलच्या बारीक नळ्या, नळ्यांना भोकं. वरून गरम पाणी सोडलं की भोकांतून चिळकांड्या उडतात आणि त्यांच्या उलट्या धक्क्याने आर्म आपोआप फिरतो, हिरवळीवरचा फवारा फिरतो तसाच. तत्त्व जुनंच, सेगनर नावाच्या शास्त्रज्ञाने 1750 च्या सुमारास ह्याच धक्क्यावर पाण्याचं चाक फिरवून दाखवलं होतं, आणि सांडपाणी दगडांच्या थरावर शिंपडून साफ करतात त्या ट्रिकलिंग फिल्टरवर फिरणारे लांबलचक पाइपही त्याच घराण्यातले.

काम एवढंच की माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव भरडून 65 ते 68 डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवतात, स्टार्चची साखर होते, मग तो गोड रस म्हणजे वर्ट खालून काढताना चोथ्यात राहिलेली साखर धुऊन घ्यायला वरून 75-77 डिग्रीचं पाणी हळूहळू शिंपडतात, ह्यालाच स्पार्ज म्हणतात. पाणी एकाच जागी पडत राहिलं तर ते थरात स्वतःची वाट पाडून सरळ खाली निघून जातं आणि आजूबाजूचा चोथा गोडच राहतो, म्हणून ही फिरवाफिरवी.

इंदुरात हे घरी करायची सोय नाही, मध्य प्रदेशात 1915 चा आबकारी कायदा आहे आणि लायसन्सशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये 1963 साली घरच्या बिअरचं लायसन्स गेलं, अमेरिकेत 1978 च्या केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. त्यामुळे आपल्याकडच्या मराठी घरांत हा विषय निघालाच तर तिकडे राहणाऱ्या भाच्या-पुतण्यांच्या फोनवर निघतो, "मामा, आर्म फिरतच नाहीये, मोठा पंप लावू का?" आणि मामाची उमर खरादवर म्हणजे लेथवर गेलेली असली तर उत्तर ठरलेलं, "पंपाला हात नको लावू रे, आधी बुश बघ."

मामाचं बरोबर आहे. वीस-बावीस लिटरच्या बॅचला पाणी मिनिटाला साधारण 1 लिटर पुरतं, आणि हा वेग चोथा ठरवतो, आर्म नाही, जास्त सोडलं तर थर दबून बसतो आणि खालचा नळ आटतो. आता 1 मिमीची 8 भोकं धरली तर चिळकांडी सेकंदाला तीन-चार मीटरने निघते आणि सगळ्या मिळून धक्का किती, तर पाच-सात ग्रॅम वजनाइतका! भोकं खाली तिरकी असतात म्हणून त्यातलाही काही भाग वाया. एवढ्याशा जोरावर फिरायचं म्हटल्यावर मधल्या बुशात जरा घासलं की खेळ खलास. लोक गळती नको म्हणून तिथे घट्ट ओ-रिंग म्हणजे रबरी कडी बसवतात आणि ती एकटीच सगळा धक्का खाऊन टाकते. खरं तर गळू द्यावं, थेंब पडतात ते त्याच भांड्यात, आणि पाण्याचा तो पातळ पडदाच बुशाचं वंगण असतो. ग्रीस भरलेलं बॉल बेअरिंग तर नकोच, ग्रीस बिअरमध्ये गेलं की फेस मेला.

टेफलॉनचा बुश चांगला, पण टेफलॉन गरम झाल्यावर पितळेच्या पाचसहा पट फुगतो. 10 मिमीचा बुश पन्नास डिग्री तापला की 0.06 मिमीने वाढतो, म्हणून थंड पाण्यात भिरभिरणारा आर्म ऐन वेळी अडकतो. ट्रायल रिकाम्या भांड्यावर, पण गरम पाण्यानेच घ्यायची.

भोकं पाडताना एक गंमत होते. आरपार एकच नळी असेल तर ती शिकंज्यात धरून सगळी भोकं एका रेषेत पाडली जातात, मग दोन्ही बाजूंच्या चिळकांड्या एकाच दिशेला उडतात आणि आर्म ढिम्म हलत नाही. एका बाजूची भोकं पुढे, दुसऱ्या बाजूची मागे पाहिजेत. टोकाकडे भोकं जास्त ठेवायची कारण बाहेरच्या रिंगणाचं क्षेत्र मोठं, आणि तिथला धक्का लांबून लागतो तो फायदा वेगळा. ड्रिलची बर, म्हणजे भोकाच्या काठाला राहिलेली धारदार कोर, कानशीने काढायची, दोन्ही हात वजनाने सारखे, आणि उभा दांडा पाणसळीने बघून सरळ, वरचा सिलिकॉन पाइप जड असेल तर तोच सगळं एका बाजूला ओढतो.

तरीही फिरत नसेल तर आतली काही भोकं बंद करावीत. पाणी तेवढंच ठेवून निम्मी भोकं बुजवली तर धक्का दुप्पट होतो, मात्र वरच्या टाकीची उंची चौपट लागते, फुकट काही मिळत नाही. पाइपात हवा अडकली तरी आर्म हिसके देतो, म्हणून पाइपाला मधे कुबड येऊ द्यायचं नाही.

भोकं बुजण्याचं कारण बहुतेक वेळा पाणीच असतं. माळव्यातल्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी तापवलं की भांड्याला पांढरा थर धरतो हे इंदुरात सगळ्यांना माहीत आहे, आणि लंडनचं पाणीही काही कमी जड नाही. लिंबूसताच्या पाण्यात आर्म रात्रभर ठेवला की थर सुटतो. अशा पाण्याचा दुसरा उपद्रव म्हणजे त्यातला बायकार्बोनेट, त्याने शेवटी शेवटी थराचा पीएच 6 च्या वर जातो आणि सालपटातला तुरटपणा उतरतो, म्हणून वर्टची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या 1 च्या तुलनेत घनता, उतरून 1.010 च्या आसपास आली की शिंपडणं थांबवतात.

एवढं करून आर्म लागतोच का, तर नाही. थरावर दोन-तीन सेंमी पाणी उभं ठेवलं की ते आपणच सगळीकडे सारखं पसरतं, मग वरून आर्मने पडो की चोथ्यावर ठेवलेल्या एका बशीवर पडो, चोथ्याला काही फरक पडत नाही. उलट बारीक चिळकांड्यांत पाणी हवेतच थंड होतं. फिरणारा आर्म बघायला मजा येते हे मात्र कबूल.