काळ्या मातीतलं ग्राफिक्स कार्ड

मे महिन्यात हिंगणघाटकडच्या गावी गेलो अन् पाणी प्यायच्या आधीच चुलत भावानं त्याच्या सेतू केंद्रात नेलं. "दादा, हे पाय ना, सातबाऱ्यापेक्षा रांगोळीच जास्त दिसून राह्यली." जुना डेस्कटॉप, स्क्रीनवर हिरवे-गुलाबी चौकोन, उभ्या रेघा, आणि दुपारी दोननंतर तर सरळ काळी. तालुक्याच्या दुकानदारानं डबा न उघडताच सांगितलेलं, विंडोज नवीन टाका.

पण रेघा विंडोज सुरू व्हायच्या आधी, मशीन चालू होताच दिसणाऱ्या बायोसच्या स्क्रीनवरही होत्या, म्हणजे विंडोज बिचारं निर्दोष. मग ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं), केबल की मॉनिटर? यासाठी फुकटची युक्ती आहे, स्क्रीनशॉट काढा आणि मोबाईलवर पाठवून बघा. त्यातही रेघा असतील तर चित्र कार्डातच बिघडतंय, स्वच्छ आला तर बहुतेक केबल नाहीतर मॉनिटर. भावानं आधी मोबाईलनं स्क्रीनचाच फोटो काढला होता, त्यानं काहीच कळत नाही. आमच्या स्क्रीनशॉटमध्ये रेघा होत्या.

प्लग काढून डबा उघडला. रस्त्यापलीकडं जिनिंग, त्यामुळं कार्डाच्या पंख्यामागं रुईचा अख्खा पेळू तयार झालेला, आणि समोरच कुलर, त्याच्या ओल्या हवेनं धूळ चिकटून लगदा. बाहेर ४५ डिग्री अन् आत वारा जायला जागाच नाही, दुपारी बंद पडणार नाही तर काय करणार. ब्रशनं साफ केलं, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खपली झाली होती, ती पुसून नवीन लावली, स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबरानं हलक्या हातानं पुसल्या. मोटर वाइंडिंगवाल्याचा मल्टीमीटर आणून पॉवर सप्लायची पिवळी वायर मोजली, १२ व्होल्टच्या जागी ११.४ ते १२.६ चालतं, आमचं ११.९ आलं. म्हणजे तिकडंही चूक नव्हती.

दुपारचं बंद पडणं थांबलं, रेघाही चार दिवस गेल्या. मग परत आल्या, पण आता सकाळी मशीन गार असताना यायच्या आणि तासाभरात गायब. इथं खरा रोग कळतो.

आपल्याकडं काळ्या मातीत बांधलेल्या घराला तडे का जातात? पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंत तेवढी हलत नाही, मधल्यामधी भिंत फाटते. कार्डातही तेच. चिप सिलिकॉनची, खालचा बोर्ड काचेच्या धाग्यांचा अन् इपॉक्सीचा, आणि तेवढ्याच उष्णतेत बोर्ड सिलिकॉनच्या साधारण पाचपट पसरतो. दोघांच्या मधे सोल्डरचे (जोडकामाच्या, वितळवून लावायच्या धातूचे) बारीक बारीक मणी, सगळी ओढाताण त्यांच्यावर. नुसतं गरम राहून तेवढं बिघडत नाही जेवढं गरम-गार, गरम-गार होऊन बिघडतं, आणि आपल्याकडं लाइन दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको. मण्याला तडा गेला की गार असताना जोड सुटतो, तापून पसरला की परत टेकतो.

म्हणूनच बिघडलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजून दुरुस्त करा म्हणणारे व्हिडिओ खोटे नाहीत, पण खरेही नाहीत. युरोपात २००६ पासून शिशाच्या सोल्डरवर बंदी आली, तेव्हापासून बहुतेक कार्डांत बिनशिशाचं सोल्डर असतं, ते साधारण २१७ डिग्रीला वितळतं, जुनं शिशाचं १८३ ला वितळायचं. व्हिडिओवाले २०० डिग्री सांगतात, म्हणजे सोल्डर वितळतच नाही, तडा तात्पुरता मिटतो, काही आठवडे चालतं, परत तेच. आणि ज्या ओव्हनमध्ये केक करता त्यात प्लास्टिक अन् फ्लक्सचा (सोल्डरसोबत वापरायच्या रसायनाचा) धूर कायले सोडायचा?

भाऊ म्हणे, "आता नवीन कार्ड घ्या लागते का?" मी मशीनच्या मागं पाहिलं. मदरबोर्डचं, म्हणजे मुख्य बोर्डाचं, स्वतःचं निळं व्हीजीए पोर्ट, कार्डाशिवायही मॉनिटर जोडायची जागा, त्यावर कंपनीची प्लास्टिकची टोपी तशीच, इतकी वर्षं कोणी काढलीच नव्हती. कार्ड उपसलं, टोपी काढली, केबल तिथं लावली. सातबारा छापायला गेमचं कार्ड लागत नाही.